देवळात सांगायचं नाव

फिलूने बाळाला दोन्ही हातांवर घेतलं, उंबऱ्यापर्यंत गेली आणि मागे वळून म्हणाली, "ताई, शेवटचं एकदा सांग गं."

मी खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. कानांवरून फडकं बांधलेलं, पोट आवळलेलं, खाटेखाली शेगडी.

"सोलांज," मी म्हटलं.

"सोलाज."

"सोलाज नाही. थोडं नाकातून. सोलांज."

"सोलांजी."

अंगणातली माणसं हसली. माझा मोठा दीर पावलू बाहेरून म्हणाला की आता पोरीला सोडा, नाहीतर ही शिकेपर्यंत बाळ लग्नाचं होईल. फिलूही हसली. तिने बाळाच्या तोंडावरचं झबल्याचं टोक सारखं केलं आणि पायऱ्या उतरली. तिच्या मागून माझा नवरा बस्त्याव गेला, पावलू गेला, शेजारच्या बाया गेल्या. सगळ्यांत शेवटी माझी सासू निघाली. तिला मी आय म्हणत असे. ठेवणीतलं लाल लुगडं नेसून ती दारात थांबली, परत आत आली, काहीतरी बोलेल असं वाटलं. पण नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवून ती निघून गेली. इतके दिवस माझ्याशी धड न बोललेली बाई. मला वाटलं, हरली बिचारी.

त्या काळी आमच्या वसईकडे बाळंतीण बाप्तिस्म्याला जात नसे. तिचे दिवस पुरे होईपर्यंत तिने घरात राहायचं आणि बाळाला देवळात न्यायचं ते धर्ममातेने. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. फादर सगळं लॅटिनमध्ये बोलत. कुणाला काही कळत नसे, पण एक प्रश्न मात्र सगळ्या बाया ओळखत, कारण तो विचारून फादर थांबत आणि धर्ममातेकडे बघत. तो नावाचा प्रश्न. तिथे धर्ममातेच्या तोंडून जे येईल ते बाळाचं नाव. डोक्यावर पाणी पडलं की मग ते आईला बदलता येत नसे, ना बापाला.

म्हणून धर्ममाता निवडायची ती पारखून. मला पारखावी लागली नाही. फिलू माझी धाकटी बहीण. आमची आई गेली तेव्हा ती माझ्या कमरेवर बसायच्या वयाची होती. तिच्या उवा मी काढल्या, तिला पहिलं लुगडं मी नेसवलं, आणि माझं लग्न ठरलं तेव्हा ती माझ्या पदराला धरून इतकी रडली की वऱ्हाडातली माणसं कोणती नवरी ते विचारायला लागली. माझ्या बाळंतपणाला यायला माहेरी दुसरी बाई नव्हती, म्हणून फिलूच आली. तिला तोवर दोन ठिकाणांहून नकार आला होता. रंग सावळा आणि बापाची बाग लहान, एवढंच कारण. ती ते हसण्यावारी न्यायची. पण विहिरीवर आयचा भाचा इनास रहाट दुरुस्त करायला आला की तिची बादली भरता भरत नसे, हे मी खाटेवरून बघत होते.

आता ते नाव कुठून आलं ते सांगते.

माझं बाळंतपण अडलं होतं. सुईणीने हात टेकल्यावर बस्त्यावने मला बैलगाडीत घालून मिशनच्या दवाखान्यात नेलं. तो दवाखाना आमच्या गावापासून लांब, खाडीच्या अंगाला. तिथे एक फ्रेंच सिस्टर होती, म्हातारी, उंच, हातांच्या शिरा दिसणारी. तिला सगळे सिस्टर बेनेदिक्त म्हणत. सकाळपासून ती माझ्या उशाशी होती. मी डोळे मिटायला लागले की ती माझ्या गालावर चापट मारायची आणि म्हणायची, "झोपायचं नाय. बोल. माझ्याशी बोल." तिचं मराठी असंच मोडकंतोडकं होतं, बायकोला बायका म्हणायची आणि आईला "माझा आई".

मी काय बोलणार? कळांमधून मी तिला विचारलं, सिस्टर, मठात गेल्यावर तुमचं नाव बदलतात ना, मग आधीचं काय होतं?

मग तिने ते नाव उच्चारलं. सोलांज. आणि ते उच्चारताना तिचा आवाज शेवटी खाली उतरला, जसं कुणी दारात उभं राहून संध्याकाळी पोरांना घरात बोलावतं तसा. तिच्या गावाकडे त्या नावाची एक संत होऊन गेली, मेंढरं राखणारी पोर. पण तिच्या देशातही ते नाव आता फारसं कुणी ठेवत नाही, असं ती म्हणाली. "माझा आई दार उघडून हाक मारायचा. सोलांज. मी शेतात असायची."

"आता कोण हाक मारतं?"

"कोण नाय. मारणारे गेले सगळे."

"मला मुलगी झाली तर मी मारीन," मी म्हटलं.

ती हसली. बाळंतिणी कळांमध्ये काय वाटेल ते बोलतात, हे तिला माहीत असणार. पण दुपार कलताना जेव्हा मुलगी झाली आणि सिस्टरने ती पुसून माझ्या छातीवर ठेवली, तेव्हा मी पहिला शब्द तोच काढला. सिस्टर पाठ करून खिडकीकडे गेली आणि बराच वेळ तिथेच काहीतरी आवरत राहिली. जेवणाचा डबा घेऊन आलेली फिलू दारात उभी होती. तिने हे सगळं पाहिलं.

मला त्या वेळी अक्षर येत नव्हतं, सहीला अंगठा. नाव कागदावर उतरवून ठेवायची सोय नव्हती. मी ते कानात धरून घरी आणलं.

घरी आणलं आणि गावाला काम मिळालं. आमच्याकडे नावं ठरलेली असत. पहिला मुलगा झाला तर बापाच्या बापाचं, मुलगी झाली तर बापाच्या आईचं. इंत्रू, पावलू, बस्त्याव, मोनिका, कातरीन, त्याच त्याच नावांची माणसं पिढ्यान्‌पिढ्या गल्लीतून फिरत असत. त्यात हे सोलांज. बघायला येणारी प्रत्येक बाई आधी बाळाचं नाक बघायची आणि मग नावाबद्दल बोलायची. पलीकडची कातरीनमावशी म्हणाली, ऐकायला गोड आहे, पण हे नाव घेऊन भाजीच्या टोपलीमागे बसणार कशी? म्हातारा पास्कू ओट्यावरून ओरडून विचारायचा की तुमच्या सोलकढीने दूध घेतलं का. देवळात व्हायोलिन वाजवणारे मास्तर मात्र दोनदा मुद्दाम आले, नाव माझ्याकडून म्हणवून घेतलं, डोळे मिटून मान हलवली आणि म्हणाले, "साबीन, हे नाव नाही, हे गाण्याची सुरुवात आहे." मुंबईत गोऱ्या साहेबाच्या ऑफिसात असलेला नवऱ्याचा चुलतभाऊ म्हणाला की असं नाव तिकडे बांद्र्यातसुद्धा कुणाचं नाही, ठेवा बिनधास्त. त्याच्या बायकोने तिथल्या तिथे सांगितलं की बांद्र्यात नाही याला काहीतरी कारण असेल. बस्त्यावला मी विचारलं तर तो केळीची पानं चिरत म्हणाला, "मला काय, हाकेला ओ दिली म्हणजे झालं." फादरांनाही विचारून घेतलं. संत आहे अशी सिस्टरने खात्री दिली म्हटल्यावर त्यांची हरकत नव्हती.

हरकत एकाच माणसाची होती.

आयचं नाव नाताळीन. मोठ्या सुनेला, पावलूच्या बायकोला, सगळे मुलगेच. माझी मुलगी म्हणजे घरातली पहिली नात. आयने बाळंतविडा आणताना गल्लीभर सांगितलं होतं की नाताळीन आली. मी नावाचं बोलले तेव्हा तिने आवाज चढवला नाही. ती माझ्या खाटेच्या कडेला बसली आणि म्हणाली, "तुझे सासरे गेल्यापासून मला नावानं हाक मारणारं कुणी राहिलं नाही. कुणाची मी आय, कुणाची आत्या, कुणाची वैनी. वाटलं होतं, या घरात पुन्हा कुणीतरी नाताळीन म्हणून ओरडेल. मला नाही, पोरीला. पण ओरडेल."

मला तिचं कळत होतं. कळत नव्हतं असं नाही. पण माझं लग्न बापाने ठरवलं, तारीख फादरांनी, साडीचा रंग नणंदेने. मी आयुष्यात हट्टाने मागितलेली ही पहिली गोष्ट होती, आणि ती मी एका बाईला कबूल केली होती. मी म्हटलं, "आय, पुढच्या मुलीला तुमचं."

"पुढचं कोणी पाहिलंय?" ती उठली. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. माझी पेज फिलूच्या हाती पाठवायची. घरात भांड्यांचा आवाज वाढला.

आणि फिलू माझ्या बाजूने उभी राहिली. आयने टोमणा मारला की ती हसून उडवून लावायची, बायका नावं ठेवायला लागल्या की बाळाला घेऊन बाहेर जायची. "ताई, तू चिंता करू नको," ती म्हणायची. "देवळात बोलायला मी आहे." रोज दुपारी बाळ झोपलं की आम्ही दोघी नाव घोकायचो. ती कधी सोलाज म्हणायची, कधी सोलान, कधी सोलांजी. आम्ही तोंडावर पदर धरून हसायचो. आई गेल्यापासून आम्ही दोघी इतक्या हसलो नव्हतो.

तर अशी ती मंडळी बाप्तिस्म्याला गेली आणि मी खाटेवर वाट बघत बसले. घरात कुणी नव्हतं. मी हळूहळू ते नाव म्हणत राहिले. ते आता फक्त माझं राहणार नव्हतं, अख्ख्या गावाचं होणार होतं.

मंडळी परतली ती गलका करत. सगळ्यांत आधी मला पास्कूचा आवाज आला. "नाताळीनबाई आली, वाट सोडा!" मला वाटलं म्हातारा आयला चिडवतोय. मग कातरीनमावशीने खिडकीतून तोंड घालून सांगितलं, "शहाणी गं बाई साबीन. शेवटी घरचंच नाव ठेवलंस."

फिलू आत आली. तिने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि तिथेच खाली जमिनीवर बसली, खाटेच्या लाकडाला कपाळ टेकून. तिचे खांदे हलत होते. फादरांनी विचारलं आणि माझ्याकडे बघितलं, ती सांगत होती, आणि सगळे माझ्याकडे बघत होते, आणि ताई, माझी जीभच वळली नाही. किती आठवलं, आलंच नाही. फादरांनी पुन्हा विचारलं. समोर आय उभी होती, तिचंच नाव बाहेर पडलं. पाणी पडून गेलं, ताई.

मी तिच्या केसांतून हात फिरवला. दुसरं काय करणार? परका शब्द, भरलेलं देऊळ, समोर झगा घातलेला फादर. मी तिथे असते तर कदाचित माझीही बोबडी वळली असती. मी म्हटलं, "जाऊ दे गं. रडू नको." मीच तिचे डोळे पुसले. माझे नंतर पुसले, ती स्वयंपाकघरात गेल्यावर.

त्या दिवसापासून घर बदललं. आय स्वतः माझी पेज घेऊन येऊ लागली, तीत वर तूप. माझ्या पाठीला तेल लावायला बाई ठेवली होती, तिला तिने बाजूला केलं आणि आपल्या हाताने चोळू लागली. बाळाला न्हाऊ घालताना ती काहीबाही गुणगुणायची. मला वाटलं, नाव मिळालं म्हणून खूश आहे. मी तिच्यावर रागावू शकत नव्हते. तिने काही केलं नव्हतं. बाळाला मात्र मी नावाने हाक मारत नसे. छबडी म्हणायचे, बाय म्हणायचे, राणी म्हणायचे. आयने ते ओळखलं असावं, पण ती बोलली नाही.

आणि एके दिवशी तर नवलच झालं. आय नवं लुगडं नेसून आपल्या भावाकडे गेली आणि येताना फिलूसाठी इनासचं स्थळ घेऊन आली. बापाची बाग लहान की मोठी, हा विषयच निघाला नाही. फिलू विहिरीमागे जाऊन रडली. मी देवाचे आभार मानले. मनात म्हटलं, एक गोष्ट गेली, दुसरी मिळाली. माझ्या फिलूचं घर उभं राहतंय. आयने एवढं मोठं मन केलं, आपणही नावाचं दुःख सोडून द्यावं.

पुढच्याच आठवड्यात, दुपारच्या वेळी, दारात टांगा थांबला आणि सिस्टर बेनेदिक्त उतरली.

ती मायदेशी परत चालली होती. तिची छाती बिघडली होती, मठाने तिला बोलावून घेतलं होतं. पायऱ्या चढताना ती दोनदा थांबली. आय तेव्हा ओसरीत सुपात तांदूळ पाखडत बसली होती. फिलू आत चहा ठेवायला गेली. सिस्टर माझ्यासमोर खुर्चीत टेकली, श्वास घेतला आणि हात पुढे केले.

"कुठे आहे? माझी सोलांज कुठे आहे?"

ओसरीतलं सूप थांबलं. मी खरं ते सांगणारच होते. सिस्टर येणार हे कळलं असतं तर मी चार वाक्यं जुळवून ठेवली असती. पण तिने बाळाला घेतलं, वर उचललं आणि हाक मारली, तशीच, शेवटी आवाज खाली आणून. बाळ तिच्याकडे टक लावून बघायला लागलं. तिने पुन्हा हाक मारली, आणि पुन्हा, जणू जितक्या वर्षांच्या हाका राहिल्या होत्या तितक्या ती आता मारून घेणार होती. मी आयकडे बघितलं. आयने हलकेच मान हलवली. नको सांगू.

मी नाही सांगितलं.

सिस्टर बाळाशी तिच्या भाषेत बरंच काही बोलली. मग तिने मला विचारलं, "देवळात कोण सांगितला? धर्ममाता कोण?"

"ही. फिलू. माझी बहीण."

फिलू चहा घेऊन दारात आली होती. सिस्टरने तिला जवळ बोलावलं, कप बाजूला ठेवायला लावला आणि तिचे दोन्ही हात धरले. "तू सांगितला फादरला? मोठ्याने? सगळे लोक ऐकले?" फिलूने माझ्याकडे बघितलं. सिस्टर म्हणाली, "मला पण ऐकायचा आहे. माझा नाव देवळात कोण बोलला, कसा बोलला. बोल ना."

मला फिलूची दया आली. मनात आलं, आता ही सोलाज म्हणेल, सिस्टर हसेल, मीही हसेन आणि वेळ निघून जाईल. मी तिला सावरायला पुढे झुकलेसुद्धा.

फिलू म्हणाली, "सोलांज."

स्वच्छ. नाकातून यायचं ते नाकातून, आणि शेवटी आवाज खाली उतरलेला, दारात उभं राहून बोलावल्यासारखा. मी इतके दिवस घोकूनही माझा उतरत नव्हता तसा. दवाखान्याच्या दारात डबा घेऊन उभी असताना तिने जसं ऐकलं होतं अगदी तसं.

मला आधी बरं वाटलं. खरं सांगते, पहिल्यांदा मला बरंच वाटलं की पोरीने लाज राखली. मग सिस्टरने डोळे मिटून "परत" म्हटलं आणि फिलूने परत म्हटलं, तितकंच स्वच्छ. दुपारचं ते घोकणं, ती सोलाज-सोलांजी, आमचं तोंडावर पदर धरून हसणं. तिला सगळं येत होतं. अडखळणं तेवढं ती शिकत होती.

सिस्टरने फिलूला वाकायला लावून तिच्या कपाळाचा मुका घेतला. "देव तुझा भला करो," म्हणाली. फिलू वाकूनच उभी राहिली. तिची मान वर येत नव्हती.

चहा कुणी प्यायला नाही. सिस्टर उठली, बाळाच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला आणि टांग्याकडे निघाली. फिलू तिचा हात धरून पायऱ्या उतरवायला गेली. मी जागची हलले नाही.

आय सूप खाली ठेवून माझ्याजवळ आली. "बरं केलंस, म्हातारीला काही बोलली नाहीस. समाधानानं जाऊ दे." मग तिने आवाज उतरवला. "साबीन, मी तुझ्याशी विषय काढणार नव्हते. फिलूनंच नको म्हटलं होतं. पण आज तुझं तोंड बघून राहवत नाही. बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी ती विहिरीवर आली होती माझ्याकडे. म्हणाली, ताईनं नाव सोडलंय, उद्या तुमचंच सांगायला सांगितलंय मला. फक्त तिच्यासमोर बोलू नका, तिला लागेल. उद्या निघताना ती ते नाव शेवटचं म्हणेल, म्हणू द्या."

आयने हातावरचा कोंडा झटकला.

"कशासाठी सोडलंस ते तिनं सांगितलं नाही. पण माझे केस काय उन्हानं पांढरे झाले? विहिरीवर मलाही दिसत होतं. बहिणीचं जमावं म्हणून तू आपली एवढी हौस सोडलीस. मी भावाला जाऊन हेच सांगितलं. म्हटलं, बाग बघू नका. जिची थोरली अशी आहे, ती धाकटी आपल्या घरात आलीच पाहिजे." तिने माझ्या हनुवटीला हात लावला. "खरं ना गं?"

बाहेर टांग्याची घंटा वाजली. रस्त्याच्या कडेला फिलू उभी होती, आमच्याकडे पाठ करून. टांगा निघाला तरी ती वळत नव्हती. एक शब्द माझ्या तोंडात होता. तो बाहेर पडला असता तर आय पुन्हा नवं लुगडं नेसून भावाच्या घरी गेली असती, आणि फिलूला तिसरा नकार आला असता. आणि या वेळी कारण रंग नसतं.

"हो," मी म्हटलं.

आयने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. ते तूप, ते तेल, ती पाठीवरची बोटं, सगळी त्या दुसऱ्या साबीनसाठी होती, जिने बहिणीसाठी नाव सोडलं होतं. तशी बाई त्या घरात कधी नव्हती. आय सूप उचलून आत गेली.

फिलू पायऱ्या चढून आली आणि खांबाजवळ उभी राहिली.

"ताई."

"तुला येत होतं."

ती म्हणाली, "पहिल्या दिवसापासून."

मग ती बोलायला लागली, भराभर, जमिनीकडे बघत. तुला घर आहे, नवरा आहे, मूल आहे. मला परत जाऊन बापाच्या चुलीपुढेच बसायचं होतं. आयच्या शब्दावर तिचा भाऊ उठतो-बसतो हे मला माहीत होतं. तुला दुसरी मुलगी होईल, तिला ठेव की ते नाव. मला दुसरा इनास कुठून आला असता? आणि शेवटी तिने मान वर केली. "मी मागितलं असतं, तर सोडलं असतंस?"

"मागून बघायचं होतंस."

तिचा चेहरा पडला. ती पुढे आली, माझ्या पायांशी बसायला. मी बाळाला खांद्यावर घेऊन उठले आणि बाजूला झाले.

"लग्नाला मी उभी राहीन," मी म्हटलं. "आईच्या जागी उभी राहीन, काही कमी पडू देणार नाही. पण ते नाव पुन्हा तुझ्या तोंडून मला ऐकू यायला नको."

ते तिने पाळलं. इनासच्या घरात तिने चार मुली वाढवल्या, माझ्या घरापासून दोन वाड्या पलीकडे. सणावारी आम्ही एकमेकींच्या घरी जेवलो, एकमेकींच्या आजारपणात उशाशी बसलो. लोक आजही आमच्या बहिणीपणाचा दाखला देतात. मला दुसरी मुलगी झाली नाही.

त्या दुपारी फिलू खांबाजवळ तशीच उभी होती, रिकाम्या हातांनी. बाळ रडायला लागलं. मी थोपटलं, छबडी म्हटलं, राणी म्हटलं, पण ते थांबेना. मग मी त्याला समोर धरलं आणि देवळातून आल्यापासून जे कधी म्हटलं नव्हतं ते म्हटलं.

"नाताळीन."

आत तांदूळ पाखडण्याचा आवाज थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.